ठकूबाई, अमेरिका

तायडेजींबरोबर बाजारात जायचं म्हणजे जास्तीचा वेळ काढूनच निघावं लागायचं. इंदूरच्या राजवाड्यासमोरची भर गर्दी, मागून स्कूटीवाले हॉर्न वाजवून राहिलेत, हातगाडीवाला ओरडून राहिलाय, आणि हा माणूस मधेच थांबणार. हात आडवा करून मला अडवणार. "वहिनी, जरा डावीकडून. इथे पाणी आहे."

पाणी कुठलं! खाली खडखडीत कोरडा रस्ता. पण त्यांच्या अमेरिकेत तिथून नदी जात होती, आणि ते काही बूट ओले करायला तयार नसत. मागून सुशीलाताई, त्यांची बायको, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन यायची. आम्हाला ओलांडून पुढे जाताना म्हणायची, "चला हो वहिनी. साहेबांना होडी मिळेपर्यंत आपण जिरं घेऊन येऊ."

लोक हसायचे. तेही हसायचे. पण वळसा घालूनच यायचे.

तायडेजी आता नाहीत. ते कसे होते असं कोणी विचारलं तर मी त्यांची नोकरी, गाव, मुलंबाळं सांगत बसत नाही. मी सांगते की त्यांचं अमेरिकेत एक गाव होतं. खऱ्या अमेरिकेच्या नकाशात शोधाल तर सापडायचं नाही. ते गाव जाळून टाकायचं ठरत होतं, आणि हा माणूस ते वाचवायला बघत होता. ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारी भरकटली. मग मी त्याला बसवते आणि नीट सांगते.

स्नेहलतागंजात आमची एकच इमारत. ते खाली, आम्ही वर. त्यांचे आजोबा फौजेत, म्हणून घराणं महूचं. वडील लवकर गेले, आईनं इंदूरला आणून वाढवलं. पुढे ते पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात लागले, नकाशे काढायला. कुठली पाइप कुठून निघते, व्हॉल्व्ह कुठे, टाकी कुठे. रिटायर झाल्यावरसुद्धा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून ओट्यावर बसायचे, जसं काही आता जीप येणारे. चहा घेणार का विचारलं तर "हो" नाही म्हणायचे. "मंजूर" म्हणायचे. नको असला तर "विचाराधीन". सुशीलाताई त्यावर म्हणायची, "हे मला बघायला आले तेव्हापण विचाराधीनच ठेवलं होतं. माझे वडील बिचारे उन्हात उभे."

आणि दुसरं एक वाक्य होतं त्यांचं. कोणी काहीही मोठं सांगायला लागलं, नवा पूल, मेट्रो, बायपासजवळची कॉलनी, की हे चष्मा काढून शांत ऐकणार आणि शेवटी म्हणणार, "सब ठीक है भिया. पहिले पाणी दाखवा." माझी पुतणी मोठ्या कौतुकानं तिच्या उंच बिल्डिंगीतल्या फ्लॅटचे फोटो दाखवत होती. जिम, तरणतलाव, गच्चीवरची बाग. तिला पण तेच. ती चिडून निघून गेली होती.

आता ही अमेरिका त्यांच्या घरात कशी शिरली ते सांगते. रिटायर झाल्यावर मुलानं पुण्याहून मोठा फोन पाठवला. तायडेजींना नाद एकच, नद्यांचे नकाशे बघायचे. एकदा अमेरिकेतली एक मोठी नदी बघायला गेले तर समोर भलताच नकाशा उघडला. नदी तीच, डोंगर तेच, समुद्र तोच. पण देश? एका देशाऐवजी छोटे छोटे पुष्कळ देश. रंगीबेरंगी, गोधडी शिवल्यासारखे. राजधान्यांची नावं कधी ऐकलेली नाहीत.

"वहिनी, सच सांगतो," ते मला म्हणाले, "मला वाटत राहिलं की शाळेत मला चुकीची अमेरिका शिकवली. मी कोणाला बोललो नाही. मास्तरांची इज्जत गेली असती."

मग त्यांनीच शोधून काढलं. एक जुना कॉम्प्युटरचा खेळ होता. त्यात असं धरलं होतं की इंग्रजांच्या राजाला हाकलल्यावर अमेरिकेतल्या त्या सगळ्या वसाहती एक झाल्याच नाहीत. जो तो आपल्या वाटेनं गेला. खेळात नुसत्या लढाया. खेळ बनवणारी कंपनी बुडाली, पण खेळाचे चाहते काही उठून गेले नाहीत. त्यांनी एक वेबसाइट काढली आणि तिथे गप्पा मारायला लागले, की अशी अमेरिका असती तर तिथे माणसं कशी राहिली असती? मत द्यायचा हक्क कोणाला असता? कर कोणी भरला असता? शाळा कोणी काढल्या असत्या, कोणाचं लग्न कोणाशी झालं असतं? जगभरातले लोक, टोपणनावं घेतलेले, आणि भांडणं अशी की आपल्याकडे नगरपालिकेच्या निवडणुकीला होत नाहीत. जे झालंच नाही त्याच्यावर!

तायडेजी पुष्कळ दिवस नुसतं वाचत होते. ते लोक एका राजधानीच्या शहरावरून वाद घालून राहिले होते. झेंडा कसा, संसदेचा घुमट केवढा, अध्यक्ष किती वर्षांसाठी. तायडेजींनी तिथे आपला पहिला प्रश्न टाकला. "ह्या शहरातला मैला कोण उचलतं?"

लोक घुमटावरच भांडत राहिले. सुशीलाताई म्हणाली, "झालं. अमेरिकेतपण ह्यांनी गटारच शोधलं." पण मग एक उत्तर आलं. खऱ्या अमेरिकेतला एक म्हातारा तिथे बीव्हर ह्या नावानं लिहायचा. त्यानं लिहिलं, आम्ही इतकी वर्षं हा देश रचतोय, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. तुम्हीच सांगा. आणि त्या लोकांनी तायडेजींना नदीचं एक रिकामं वळण देऊन टाकलं. घ्या, इथे गाव बसवा.

त्या दिवशी ओट्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना पेढे दिले. कशाचे म्हणून विचारलं तर म्हणाले, "प्लॉट मिळाला."

मनातल्या मनात त्यांनी ते वळण आमच्या इंदूरवरच अंथरलं, नदी राजवाड्यासमोरून. गावाला नाव दिलं आईचं. ठकूबाई. आता इथून गंमत सुरू होते. तायडेजींचं इंग्लिश म्हणजे टेंडरचं इंग्लिश, 'वरील विषयास अनुसरून' छापाचं. म्हणून ते फोनला मराठीत बोलायचे आणि फोन त्याचं इंग्लिश करायचा. पण फोनची मराठी पुण्याची आणि आमची इंदूरची. फोननं ठकूबाईचे दोन तुकडे केले, ठकू आणि बे. बे म्हणजे त्यांच्या भाषेत खाडी. साइटचे नकाशे काढणारे जे होते, त्या नकाशेवाल्यांना वाटलं, गावाला पाण्याचा मोठा कोपरा आहे. दुसऱ्या दिवशी बघतात तर गावाच्या पोटाशी निळंशार पाणी भरलेलं. समुद्र कुठल्या कुठे, पण ठकूबाईला खाडी!

मला वाटलं ते दुरुस्ती करायला सांगतील. ते फोनकडे बघतच बसले. "आईनं जन्मभर डोक्यावरून पाणी आणलं," म्हणाले. "आता तिच्याकडे आलंय तर येऊ द्या."

ते गाव मी बघितलंय. म्हणजे काय, संध्याकाळी आम्ही तिघं लालबाग महालाच्या बागेत फिरायला जायचो तेव्हा. महालाच्या मागे झाडं दाट आहेत, ऊन उतरलं की सगळं पिवळं पिवळं होतं, आणि तायडेजींचा आवाज जरा खाली यायचा. ते सांगायचे आणि झाडांच्या मधून गाव निघून यायचं. ठकूबाईत राहायचे ते सगळे गुलामगिरीतून सुटून आलेले लोक. कोणी उसाच्या शेतातून, कोणी कापसाच्या. लाकडाची घरं, पण एकाही घरावर दुसऱ्या घराची सावली पडायची नाही. मधोमध पाण्याचा हौद आणि चारी बाजूंनी त्याला पायऱ्या, कुठल्याही पायरीवरून कोणीही उतरावं. मैला उचलायचं काम घरटी पाळीनं, त्यात नगराध्यक्षाचीही पाळी. आणि एक कायदा मला फार आवडायचा. गावात नवा माणूस आला तर त्याला आडनाव विचारायला बंदी. जेवायला बसवा, पाणी द्या, नाव विचारा. आडनाव नाही.

ह्या कायद्यावरून वेबसाइटवर फार गोंधळ झाला. त्या लोकांना कळेचना की आडनावात एवढं काय आहे. तायडेजींनी समजावून सांगितलं, पुष्कळ दिवस लागले. समजलं तेव्हा एका बाईनं लिहिलं होतं, आमच्याकडे ते काम पत्ता करतो.

"बघा वहिनी," तायडेजी म्हणाले, "सगळीकडे कायतरी असतंच."

बागेत अंधार व्हायला लागायचा. चौकीदार शिटी वाजवायचा. आम्ही उठायचो, आणि मला उगाच वाटायचं की मागे कोणीतरी चुली पेटवून राहिलेत, ओल्या लाकडाचा धूर येतोय. सुशीलाताई साडी झटकत म्हणायची, "चला, अमेरिका बंद झाली. घरी वरण लावायचंय."

आता ती आपत्तीची गोष्ट. हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

ठकूबाईत महिन्यातून एकदा गावसभा भरायची. तिचे नियम तायडेजी फोनला सांगत होते. त्यांनी सांगितलं, "सभेत कोणीही उभं राहून आपली आपत्ती मांडू शकतो. आपत्ती पूर्ण ऐकल्याशिवाय मतदान होणार नाही." आता इंदूरच्या मराठी माणसाला विचारा, आपत्ती म्हणजे काय. तो सांगेल, हरकत. 'मुझे कोई आपत्ति नहीं' ऐकत आमचा जन्म गेला. पण फोनला आम्ही सांगून ठेवलेलं की आम्ही मराठी बोलतोय. आणि पुण्याच्या मराठीत आपत्ती म्हणजे भूकंप, महापूर, घरावर कोसळलेलं संकट. फोननं तेच लिहिलं. ठकूबाईच्या सभेत कोणीही उभं राहून आपल्यावर कोसळलेलं संकट सांगू शकतो, आणि ते पूर्ण ऐकल्याशिवाय सभा मत घेत नाही.

ते लोक थक्क झाले. बीव्हरनं विचारलं. फोननं त्याचा प्रश्न मराठीत करून दाखवला तो असा, "तुमच्या गावात माणसाचं दुःख कायद्याच्या आधी येतं का?"

तायडेजींनी चष्मा काढला. सुशीलाताई मटर सोलून राहिली होती. ती म्हणाली, "आता सांगा त्यांना, चूक झाली म्हणून. हरकत म्हणायचं होतं."

"विचाराधीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुलं घेऊन खाली उतरले तर ते ओट्यावर तयारच. "वहिनी, राहू दिलं मी ते. हरकत घ्यायला अक्कल लागते, कायदा लागतो, वकील लागतो. संकट काय, प्रत्येकाकडे असतंच."

लोकांना हे इतकं पटलं की त्यांनी अर्धं गमतीनं, अर्धं खरोखर, तो नियम वेबसाइटलाच लावून घेतला. कुठल्याही गोष्टीवर मत घ्यायचं असेल आणि कोणी लिहिलं की मला आपत्ती आहे, तर त्याची आपत्ती ऐकून होईपर्यंत मतदान थांबवायचं. साइट सांभाळणारी एक बाई होती, कडक, कोणाची भीड न ठेवणारी. तिनं तो नियम सगळ्यात वर लावून टाकला. आमच्या गल्लीतली एक चूक तिकडे कायदा झाली.

दिवस चांगले चालले होते. मग त्या लोकांनी आपल्या अमेरिकेचा काळ पुढे सरकवला. तसं ते मधून मधून करायचे, दहा-वीस वर्षं पुढे जायचे आणि मग कुठे काय झालं असेल ते ठरवायचे. ह्या वेळी दक्षिणेत मोठं युद्ध आलं. आणि नकाशेवाल्यांनी प्रस्ताव मांडला, की सुटलेल्या गुलामांचं, स्वतःचं पाणी असलेलं, स्वतःची सभा असलेलं गाव शेजारच्यांनी ठेवलंच नसतं. युद्धाच्या पहिल्या वर्षातच जाळलं असतं. तेव्हा ठकूबाई जळाली असं धरावं. त्यांचं म्हणणं काही दुष्टपणाचं नव्हतं. त्यांनी पुरावे दिले. खऱ्या अमेरिकेत अशी गावं झाली होती, आणि त्यांचं काय झालं तेही लिहिलं.

तायडेजींनी सगळं वाचलं. मग फोन तोंडाशी धरून जे बोलले ते मी वर गॅलरीत उभी राहून ऐकलं. "खऱ्या इतिहासात अशी गावं टिकली नाहीत, मान्य आहे. मला माहीत आहे, मला कशाला सांगता. पण खोट्या इतिहासातपण टिकायची नाहीत का? मग खोटा लिहायचा कशाला? खरा होताच की."

उत्तर आलं की हा मुद्दा भावनेचा आहे. गाव टिकलं असतं ह्याला कारण द्या. मतदानाची तारीख लागली.

माझ्या भोळ्या डोक्यात लगेच आलं. मी खाली जाऊन म्हटलं, "तायडेजी, तुम्ही आपत्ती मांडा ना! तुमचाच नियम आहे."

"नाही वहिनी. ज्याचा अर्ज त्यानं शिफारस करायची नाही. इतकी वर्षं ऑफिसात मी दुसऱ्यांना हेच शिकवलं."

"अहो, पण गाव जळेल."

"जळेल," ते म्हणाले, आणि पेन खिशातून काढून परत खिशाला लावला.

त्यानंतर ते तब्येतीनं उतरत गेले. छातीचं दुखणं आधीचंच होतं, डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं होतं, ते टाळून राहिले होते. आता जेवण अर्ध्यावर आलं. चहा विचारला तर मंजूर नाही, विचाराधीन नाही, नुसती मान हलवायचे. एकदा आम्ही राजवाड्यावर गेलो होतो. मी सवयीनं त्या जागी थांबले, डावीकडे सरकले. ते सरळ चालत गेले. नदीच्या मधून, बूट न बघता. सुशीलाताईनं पण पाहिलं. तिनं माझा हात घट्ट धरला. जिऱ्याच्या दुकानापर्यंत सोडला नाही.

दोन-चार दिवसांनी दुपारी ती वर आली. तायडेजींचा डोळा लागला होता. तिच्या पदराखाली त्यांचा फोन. "वहिनी, हे बोलायचं कसं चालू होतं?"

"कोणाला फोन करायचाय?"

"अमेरिकेला."

मी साइट उघडून दिली, माइकच्या खुणेवर तिचं बोट ठेवलं. ती आधी साडी नीट करून बसली, जसं काही ते लोक बघून राहिलेत. मग बोलली. मला जसं आठवतं तसं सांगते.

"नमस्कार. मी ह्यांची बायको बोलून राहिले. मला आपत्ती आहे. ठकूबाई माझी सासू. ती खाडी नव्हती, बाई होती. नवरा गेला तेव्हा पोराला घेऊन इंदूरला आली. खोली बघायला जायची. लोक नाव विचारायचे, मग आडनाव विचारायचे, मग म्हणायचे खोली कालच गेली. शेवटी एका गोदामाच्या मागची पडवी मिळाली. तिला दार नव्हतं, पोतं लावलेलं. पोराला भिंतीकडे झोपवून ती पोत्याला पाठ लावून बसायची. मला म्हणायची, सुशीला, मला बंगला नको होता गं. आतून कडी लागेल असं एक दार पाहिजे होतं. नंतर आमचं घर झालं. दार झालं. तरी ती दाराला पाठ लावूनच झोपायची, शेवटपर्यंत. तुमच्या नकाशात तिच्या नावाचं गाव आहे. तिथे सगळ्या दारांना आतून कडी आहे. ह्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल, त्यांना माहीत नाही. मी सांगते. ते जाळू नका. बस. झाली माझी आपत्ती."

बोट उचललं, फोन उलटा ठेवला आणि म्हणाली, "पाणी द्या थोडं."

फोननं त्या कडीचं काय केलं असेल? साखळी केली. आतून साखळी लागणारं दार. बीव्हरनं परत विचारलं, "साखळी आतून? म्हणजे ती तिच्या स्वतःच्या हातात?" सुशीलाताई म्हणाली, "मग काय शेजारणीच्या?" तेही फोननं तसंच पाठवून दिलं.

आणि मग लोक यायला लागले. साइट सांभाळणाऱ्या बाईनं वर लिहिलं, आपत्ती चालू आहे, मतदान थांबवलंय. पण सुशीलाताईची आपत्ती संपली तर खाली दुसऱ्या कोणाची सुरू झाली. कुठल्या थंड देशातली एक बाई होती, तिच्या आजीचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की शाळेच्या भिंती दिसतात म्हणे. मग एका माणसाची आली. मग नकाशेवाल्यांतलाच एक, ज्यानं जाळायचे पुरावे दिले होते, त्याचीच आली. आणि एक दिवस बीव्हरनं लिहिलं, की त्याच्या आईची आई अशाच एका गावातून निघालेली होती. खरोखरच्या. ते खरोखरच जाळलं होतं. घरात त्या गावाचं नाव कोणी घ्यायचं नाही, म्हणून त्याला ते नाव ठाऊकच नाही. "मी इतकी वर्षं इथे का येतो, ते मलाच आज समजलं," असं फोननं मराठी केलं होतं.

तायडेजींना हे सगळं कळलं तेव्हा ते ओट्यावर उभे राहूनच ओरडले. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदा बघितलं. "तू कोणाला विचारून बोललीस?"

"कोणाला विचारायचं?" सुशीलाताई झाडत होती, झाडू थांबवला नाही. "गाव माझ्या सासूचं आहे. तुमचं काय त्यात?"

ते खाली बसले. म्हणाले, "आई मला कधी बोलली नाही हे. दाराचं."

"तुम्ही तिला पाणी सोडून कधी काही विचारलं?"

मी वर निघून आले. काही गोष्टी शेजारणीनं ऐकू नयेत. पण थोड्या वेळानं खालून आवाज आला, "वहिनी, चहा मिळेल का? दोन कप मंजूर आहेत."

ते मतदान झालंच नाही. एक आपत्ती संपायची तर दुसरी उभी राहायची, आणि नियम म्हणजे नियम. ती कडक बाई स्वतः कोणाचं अर्धं ऐकून पुढे जाऊ देईना. नकाशेवाल्यांनी पुढे ठकूबाईच्या भोवती एक पांढरी रेघ मारून ठेवली. म्हणजे ठरलेलं नाही. युद्ध आलं, गेलं, शेजारची शहरं जळाली, राज्यं बदलली, आणि ठकूबाई पांढऱ्या रेघेच्या आत तशीच. टिकली असंही नाही आणि गेली असंही नाही. तायडेजी म्हणायचे, "इतकं पुष्कळ आहे. आपल्यापैकी किती जणांचं ठरलेलं असतं?"

मग लोक गावात घरं मागायला लागले. ज्यांनी ज्यांनी आपत्ती सांगितली त्यांना तिथे राहायचं होतं. तायडेजी परत इस्त्रीचा शर्ट घालून बसायला लागले. गाव वाढवायचं तर आधी पाणी कुठवर पोचेल ते बघावं लागतं. त्या थंड देशातल्या बाईला त्यांनी हौदाच्या पायऱ्यांजवळ जागा दिली, पाणी उतरलं की शाळेच्या भिंतींसारख्या पायऱ्या तिला दिसतील म्हणून. बीव्हरला अगदी मधे दिली. आणि ऑपरेशनलाही ते त्याच सुमारास तयार झाले.

दवाखान्यात जायचं त्या सकाळी दारात ऑटो उभी. सुशीलाताई आत थर्मास, चादरी, रिपोर्टांची पिशवी लावून राहिली होती. तायडेजी बसले, पण मन भलतीकडेच.

"सुशीला, एक राहिलं. तुझं घर कुठं टाकू?"

"आता हे सुचतंय? सरका तिकडे."

"सांग ना. हौदाजवळ देऊ?"

"हौदाजवळ नको. सकाळपासून बायांची भांडणं ऐकायची."

"मग टेकडीवर?"

"अन् पाणी कोण चढवणार, तुम्ही?"

ऑटोवाला हसला. तेही हसले, छातीवर हात ठेवून, जपून. मग मान बाहेर काढून मला म्हणाले, "वहिनी, तुमचं?"

मी म्हटलं, "माझं काय, तुमच्या वरती. आता आहे तसंच."

ते जरा थांबले. त्यांना ऑफिसातला एखादा अर्ज नाकारायचा असावा आणि समोरच्याचं मन मोडायचं नसावं, असा त्यांचा चेहरा झाला. "वरचा मजला नसतो वहिनी आपल्या गावात," ते म्हणाले. "शेजारी चालेल?"

"चालेल की," मी म्हटलं. "का नाही चालणार?"

ऑटो निघाली. स्टेशनच्या रस्त्याला वळताना त्यांचा हात बाहेर दिसला. हवेत बोटानं ते काहीतरी काढून राहिले होते, सावकाश, कोपऱ्यावर थांबून, परत पुढे. माझ्या भिंती होत्या त्या. तिसरी झाली आणि मधे सिटी बस आली.